पुस्तक कुठून मिळालं?

लोकलच्या लेडीज डब्यात अनोळखी बाईला विचारता येईल असा एकच प्रश्न सर्वमान्य आहे: ‘कुठे उतरणार?’ त्यात ओळख वाढवायचा हेतू कुणाचाच नसतो. तुमची सीट मला द्या, एवढंच त्यात असतं. ती ‘ठाणा’ म्हणाली की सौदा पक्का. मग बुक केलेल्या सीटसमोर गुडघ्याला गुडघा लावून उभं राहायचं आणि ठाणं येईपर्यंत ती बसलेली बाई जे काही करील ते बघायचं. भाजी निवडत असेल तर भाजी, फोनवर नणंदेबद्दल बोलत असेल तर नणंद. वाचत असेल तर पुस्तक.

मी बदलापूरला राहते, नोकरी दादरला. कर्जतहून भरून येणारी गाडी वाट्याला आली की उभं राहणं आलंच. त्या उभं राहण्यातून मला दुसऱ्याच्या मांडीवरचं पुस्तक उलटं वाचायची सवय लागली आणि हळूहळू त्याबद्दल विचारायचीही. आता याला काही वर्षं झाली. घरच्यांच्या मते हा भोचकपणाच आहे, फक्त पुस्तकाचं कव्हर घातलेला. असेल.

आधी मी विचारायचे तो प्रश्न कुणीही विचारेल असाच होता. ‘कसं आहे पुस्तक?’ उत्तर ठरलेलं. ‘चांगलं आहे.’ फार तर ‘टाइमपास आहे.’ पुढे काही नाही. पुस्तकाबद्दल मत विचारलं की आपल्याकडे बहुतेकांना मराठीचा पेपर आठवतो. लेखकाला काय सांगायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा, गुण पाच. सकाळी सव्वाआठला, ओढणी एकीकडे आणि पर्स दुसरीकडे ओढली जात असताना, आपल्या शब्दांत कोण लिहील?

मग एकदा विठ्ठलवाडीच्या आसपास समोरच्या बाईंच्या हातात वाचनालयाचं पुस्तक दिसलं. असं पुस्तक ओळखायला वेळ लागत नाही. पाठीला कापड, मूळ मुखपृष्ठ कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, कडेला दाखल क्रमांकाची चिठ्ठी. मलाही कुठलं तरी वाचनालय लावायचंच होतं, म्हणून विचारलं, ‘हे कुठल्या लायब्ररीचं?’ बाईंनी पुस्तकात खूण म्हणून रेल्वेचा पास घातला, पुस्तक मिटलं आणि डोंबिवली जाईपर्यंत बोलत राहिल्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून घरात वर्गणी चालू. आजेसासरे गेले, सासरे गेले, वर्गणी यांच्याकडे आली. ‘घरातलं सोनं जावेला गेलं, लायब्ररी मला,’ असं अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. ते वाचनालय १८६४ सालचं. कल्याणपर्यंत आगगाडी आली १८५४ मध्ये, म्हणजे रूळ आले आणि दहा वर्षांत मागोमाग पुस्तकं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतरचं, १८९३चं, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे ते स्थापण्यात पुढे होते. मध्य रेल्वेच्या गर्दीला शिव्या घालणाऱ्यांपैकी मीही एक आहे, पण या लाइनीवर वाचनालयं आहेत ती अशी.

बाईंनी मग वाचनालयाच्या पुस्तकांतल्या पेन्सिलींचं सांगितलं. आधीच्या वाचकांनी समासात लिहून ठेवलेलं असतं, ‘हिला कळत कसं नाही?’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तुम्हाला कळलं असतं का?’ एका पुस्तकात पहिल्या पानावर ‘पान ५४ पाहा’, चोपन्नवर ‘पान १२० पाहा’ आणि तिथे गेलं की ‘गाढवा, गोष्ट वाच.’ आम्ही दोघीही मोठ्यानं हसलो. दारातल्या बायकांनी वळून बघितलं. त्या हातातली कादंबरी कशावर होती ते मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून मी ‘कसं आहे’ सोडलं. ‘कुठून मिळालं?’ असं विचारते. याचं उत्तर देताना कुणाला हुशार दिसावं लागत नाही. शिवाय पुस्तक हातात आलं त्यात बहुतेक वेळा दुसरं एक माणूस असतं आणि त्या माणसाबद्दल बोलायला कुणाची ना नसते. भिशीतल्या मैत्रिणीनं दिलेलं. साहेब रिटायर झाले तेव्हा कपाट रिकामं करताना शिपाई आणि क्लार्क यांच्यात वाटलं गेलेलं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर घेतलेलं, आत कुणीतरी कुणाला लग्नानिमित्त सप्रेम भेट दिल्याची सही, तारीख आणि खाली ‘सुखी रहा’. त्या पुस्तकाची मालकीण मला विचारत होती, ‘सुखी राहिले असतील तर विकलं कशाला?’

एक नर्स असायची, घाटकोपरला उतरणारी. तिच्याकडे एक पेशंट डिस्चार्ज घेताना कॉटवर विसरून गेलेली कादंबरी होती. मालक परत आला नाही आणि शेवटची सोळा पानं नव्हती. तिनं वॉर्डात विचारून पाहिलं, कुणी वाचलेली नव्हती. मी वाचली होती. ठाणे ते घाटकोपर मी तिला शेवट सांगितला. तो तिला आवडला नाही. ‘तुम्ही नीट वाचली होती ना?’ असं दोनदा विचारून ती उतरली. पुढच्या वेळी भेटली तेव्हा तिनं स्वतःचा शेवट तयार करून आणला होता. तो माझ्या मते बरा होता, पण नायकाला त्यात उगाच जास्त जगवलं होतं. नर्सच ती.

पोथ्यांचं वेगळं आहे. गुरुवारी डब्यात ‘गजानन विजय’ हमखास दिसते, दासगणूंची, एकवीस अध्याय. लहान आकाराची प्रत पर्समध्ये मावते. बसायला मिळालेली बाई चपला काढून पाय वर घेते आणि ओठ हलवत वाचते. अध्याय संपायच्या आत बोलायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. पुस्तक कपाळाला लावून पर्समध्ये गेलं की मग मोकळी. पोथी कुठून मिळाली म्हटलं की निम्म्या जणी सांगतात, ‘वाणात.’ संक्रांत ते रथसप्तमी स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे लुटून लुटून बायका कंटाळल्या, तेव्हा पोथ्या लुटायला लागल्या. मला हे आवडतं. डब्यांची झाकणं कधी सापडत नाहीत. एकीला मात्र तिची पोथी गाडीतच मिळालेली होती. कुणा बाईचा नवस फेडायचा होता, अकरा जणींना वाटायच्या होत्या, नातेवाइकांत आठ संपल्या आणि उरलेल्या तीन तिनं समोर बसलेल्या तिघींना दिल्या. ‘वाचाल ना?’ एवढंच विचारलं. ही बाई तोपर्यंत पोथीबिथी वाचणारी नव्हती. हो म्हणून बसली, म्हणून दर गुरुवारी वाचते. देणारी परत कधी दिसली नाही. नवस कशाचा होता ते विचारायचं राहिलं, याची हिला चुटपुट आहे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलींना अडवू नये असं माझं मत होतं. त्या उभ्या असल्या तरी वाचतात, दाराशी वारा खात वाचतात, आणि त्यांच्या कपाळावर परीक्षेची तारीख लिहिलेली असते. पण एक मुलगी अर्धवट पुस्तक घेऊन उभी होती. राज्यघटनेचं जाड पुस्तक सुरीनं कापून त्याचे चार भाग केलेले, प्रत्येकाला कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कव्हर, दोऱ्यानं शिवलेलं. रोज एकच भाग न्यायचा, खांद्याला ओझं नको. अशी शस्त्रक्रिया बघून मला राहवलं नाही.

‘कुठून मिळालं गं?’

‘सीनियरकडून, काकू. तिची झाली ना एसटीआय.’

एसटीआय म्हणजे राज्य कर निरीक्षक. आतल्या रेघा त्या सीनियरच्या. पिवळी म्हणजे परीक्षेत येऊन गेलंय, गुलाबी म्हणजे येणार. गुलाबीपैकी काही आलंही होतं, त्यामुळे त्या रेघांना या मुलीच्या ग्रुपमध्ये भलताच मान. तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘विचारा कुठलंही.’

दिव्यापासून मी विचारत सुटले. कलम ३२? घटनात्मक उपाययोजनेचा हक्क. २१ अ? शिक्षणाचा हक्क, शहाऐंशीवी दुरुस्ती, २००२. दहावी अनुसूची? पक्षांतरबंदी, १९८५. इथे आजूबाजूच्या बायका जाग्या झाल्या, कारण या विषयावर महाराष्ट्रात हल्ली प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असतं. मटार सोलणाऱ्या एक काकू म्हणाल्या, ‘पाण्याचं कुठलं कलम गं? आमच्याकडे दिवसाआड येतं.’

‘बारावी अनुसूची. पाणीपुरवठा पालिकेकडे.’

‘मग सांगायचं कुणाला?’

‘ते परीक्षेला नसतं, काकू.’

फोनवर वाचणाऱ्यांपुढे माझा प्रश्न लंगडा पडतो. मुखपृष्ठ दिसत नाही, कुठून मिळालं म्हटलं तर ‘ॲपवर’. खरं तर डब्यात आज सगळ्यात जास्त गोष्टी फोनवरच वाचल्या जातात, प्रतिलिपीवरच्या भागाभागांच्या कथा, सासू, बॉस आणि पुनर्जन्म असलेल्या. पण त्याला ‘वाचन’ म्हणायला बायका लाजतात. ‘नाही हो, असंच.’ मी विचारते, ‘कितवा भाग?’ मग मात्र लाज जाते. ऐंशीच्या पुढे भाग गेलेले असतात आणि लेखिकेनं कालचा भाग वेळेवर टाकला नाही म्हणून खरोखरचा राग असतो. मासिकातल्या क्रमशः कादंबरीसाठी पोस्टमनची वाट बघणाऱ्या आपल्या आज्यांना हा राग ओळखू आला असता.

नकारही मिळतात. ‘वाचू द्या ना जरा,’ असं एकीनं फार गोड आवाजात सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं. तिला दिवसभरात तेवढीच पन्नास मिनिटं असतील. कानात इअरफोन असेल तर विचारायचं नाही. शेवटची पानं उरली असतील तर विचारायचं नाही. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं असेल तर जपून, कव्हर कधी पुस्तक जपायला असतं तर कधी लपवायला. पुरुषांना मी एसटीत, शेजारची सीट असेल आणि काका साठीच्या पुढचे असतील तरच विचारते. त्यांच्याशी संभाषण बहुधा त्यांनी लिहिलेल्या आणि अजून कुणी न छापलेल्या आत्मचरित्रावर जातं. तो अनुभव इथे नको.

माझा प्रश्न पूर्ण निकामी ठरतो तो ६ डिसेंबरला. ऑफिस दादरचं असल्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी मी शिवाजी पार्कात एक चक्कर मारतेच. चैत्यभूमीची रांग लांबवर गेलेली असते आणि मैदानात पुस्तकांचे स्टॉल, कित्येक तर जमिनीवर नुसता प्लास्टिकचा कागद पसरून मांडलेले. मुंबईत एरवी पुस्तकाच्या दुकानात माणूस शोधावा लागतो. इथे पुस्तकापर्यंत हात पोचवायला कोपरं लागतात. लाखो लोक येतात, विदर्भ-मराठवाड्यातून, रात्रभर उभ्यानं प्रवास करून, आणि परत जाताना पिशवीत पुस्तक असतं. कुठून मिळालं ते दिसतच असतं. इथला प्रश्न ‘कुणासाठी?’ असा आहे.

बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड राज्य सरकार १९७९पासून काढतंय. त्यातला एक छातीशी धरून उभा असलेला मुलगा सांगत होता, दर वर्षी एकच घेतो, तेवढंच परवडतं. पहिल्या पगारात सगळे घेता आले असते, पण मग दर वर्षी यायला निमित्त काय, असा त्याचा हिशोब. तो इंजिनिअर होता. आधीचे खंड गावी काकाकडे असतात, काका त्यांतले संदर्भ भाषणात वापरतो आणि चुकीचे सांगतो, म्हणून दिवाळीत दोघांची भांडणं होतात.

परतीच्या गाडीत त्या रात्री डबा वेगळाच होता. एक आजी खाली, पायांपाशी गाठोडं घेऊन बसल्या होत्या, बरोबर पाच-सहा बायका. अकोला जिल्ह्यातल्या. कल्याणला पुढची गाडी पकडायची होती. आजींच्या मांडीवर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, नवं कोरं. मी विचारलं, कुणासाठी घेतलं?

‘विहारासाठी. जुन्याचे पानं निंघाले.’

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, गावच्या विहारात रोज संध्याकाळी हे पुस्तक वाचलं जातं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. तीन महिन्यांत पुरं करायचं. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ साली, हे पुस्तक इंग्रजीत आलं. मराठीत ते असं गावोगाव मोठ्यानं वाचलं जातं. पूर्वी यांच्याकडे एक मास्तर वाचायचे, आता एका घरची सून वाचते. आजींनी ते किती वर्षं ऐकलंय याचा त्यांनी हिशोब ठेवलेला नाही. वाचायला येत नाही, हे त्यांनी उंची सांगावी तसं सांगितलं.

‘मले नाई येत वाचता. पन सांग, कुठून काढू?’

त्यांना म्हणायचं होतं, कुठलाही प्रसंग विचार, पुस्तकात तो कुठे येतो ते मी दाखवते. मी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं विचारलं. ‘ते सुरवातीले. पहिल्याच खंडात,’ म्हणत त्यांनी अंदाजानं पान उघडलं. नव्या प्रतीत पानं इकडेतिकडे झाली होती, दोन-चार उलटल्यावर सापडलं. शाक्य आणि कोलीय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण. बाबासाहेबांच्या मांडणीत घर सोडण्याचं कारण तेच आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून तो निघाला ही प्रचलित गोष्ट त्यांनी मानली नाही. ‘पान्याचं भांडन होतं,’ आजी म्हणाल्या, ‘आमच्याकडं बी हाय.’

मग पुस्तक माझ्याकडे दिलं. ‘वाच बरं.’

मी वाचायला लागले. गर्दीत उभं राहून, एक हात वरच्या कडीला. चार ओळी झाल्या असतील, त्यांनी थांबवलं.

‘सावकाश. इतल्या घाईनं नाई वाचत विहारात.’

मी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश. शेजारच्या दोन अगदी मुंबईच्या बायकांनी फोन खाली घेतले. आजी प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान हलवत होत्या. एके ठिकाणी मी ओळ गाळली तर त्यांनी बोट वर केलं. मी बघितलं, खरंच गाळली होती. त्या बायकांतली एक मला म्हणाली, ‘आमच्या सूनबाईलेही असंच पकडते थे.’ त्या सगळ्या दुपारी हिंदू कॉलनीत राजगृह बघून आल्या होत्या. पुस्तकं ठेवायला म्हणून बाबासाहेबांनी बांधलेलं घर. त्याच्याबद्दल आजींना एकच सांगायचं होतं, जिना अरुंद वाटला. एवढी पुस्तकं वर नेली कशी असतील?

कल्याणला उतरताना त्यांनी पुस्तक गाठोड्यात घातलं नाही, पदराखाली घेतलं. गाठोडं मात्र माझ्या हातात दिलं, फलाटावर उतरवून द्यायला.

आता या सगळ्या विचारपुशीतून आमच्या डब्यात एक वेगळंच काम होऊन बसलंय, ते दिवाळी अंकांचं. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर अंक संपवतो असं म्हणतात. पण एकेक अंक तीनशे-चारशे रुपयांना पडायला लागल्यावर फराळच स्वस्त वाटतो. म्हणून आम्ही एकेकीनं एकच घ्यायचा आणि गाडीत फिरवायचा, असं ठरवलं. यात कल्याणच्या लायब्ररीवाल्या बाई आहेत, नर्स आहे, मटारवाल्या काकू आहेत, पोथीची एकजण आहे. काहींची नावं मला अजून माहीत नाहीत, त्यावाचून अडलेलं नाही. नियम अर्थातच लायब्ररीवाल्या बाईंनी केले. अंक सोमवारी घ्यायचा, पुढच्या सोमवारी द्यायचा. रजा असेल तर शेजारणीकडून पाठवायचा. शब्दकोडी पेनानं सोडवायची नाहीत. वार्षिक राशिभविष्याचं पान फाडायचं नाही. हा शेवटचा नियम गेल्या वर्षीनंतरचा. तेव्हा दोन अंकांतून कन्या रास गायब झाली होती. कुणी नेली ते सगळ्यांना माहीत आहे, कारण डब्यात कन्या राशीची एकच आहे. यंदा यादीत तिचा नंबर शेवटचा.